दोन थापा

सांगली, बुधवार रात्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. फोनवरच उत्तर लिहायला बसलो तर अंगठा दुखायला लागला, म्हणून वही काढली. साताऱ्यात ज्युदोची बॅच सुरू करून तुला महिनासुद्धा झाला नाही आणि पहिलंच अवघड पोर पदरात पडलं म्हणायचं. नऊ वर्षांचा मुलगा, आठ दिवस भिंतीला पाठ लावून उभा, मॅटवर पाय ठेवत नाही. वडील दारातून ओरडतात, "जा की आत, तिथं काय वाघ बसलाय?" आणि तू विचारतोस, सर, ह्याला आत कसं घेऊ?

घेऊच नकोस. निदान "ये" म्हणून तरी नको.

त्याला दहा मिनिटं लवकर बोलाव आणि मॅट जोडायला लाव. दाते एकमेकांत बसवायचे, फट राहिली तर टाचेनं दाबायची. त्या फटीत पोरांच्या पायाची बोटं अडकून मुरगळतात, हे कारणही सांग. काम खरं आहे का नुसतं गुंतवून ठेवायचं आहे, हे लहान मुलांना बरोबर कळतं. फटी दाबत दाबत तो ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल तेव्हा अनवाणी मॅटवरून चाललेला असेल, आणि कुणी बघत नसेल. त्यावर तू चकार शब्द काढायचा नाहीस. "अरे वा, आलास की मॅटवर!" म्हणालास की संपलं. दुसऱ्या दिवशी परत भिंत.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही. तीसेक वर्षांपूर्वी मी उलटं केलं होतं. मी तालमीतनं आलेला माणूस. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीत वस्तादांनी आम्हाला ढकललं आणि आम्ही उठलो, म्हणून मला वाटायचं भीती ढकलूनच जाते. माझ्याकडं एक मुलगा होता, आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येऊ नये. एक दिवस मी त्याला पुढं उभं केलं आणि बैठकांचे आकडे मोठ्यानं म्हणायला लावले. इचि, नि, सान. तो गप्प. मीही हट्टाला पेटलो. तू म्हणेपर्यंत कुणी बैठक मारणार नाही, म्हणालो. तीस पोरं अर्ध्या बैठकीत अवघडून उभी, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मिनिटभर असेल, पण मला अजून ते मिनिट मोजता येतं. दुसऱ्या दिवशी त्याची आई ज्युदोचा ड्रेस घेऊन आली. धुतलेला, इस्त्री केलेला, वर पट्ट्याची नीट घडी. काही बोलली नाही. ड्रेस मुलांचेच असतात, आम्ही परत घेत नाही, एवढंही मला सांगता आलं नाही.

तर आता मुद्द्याचं. कुठलाही डाव शिकवायच्या आधी त्याला मॅटवर हातानं मारायची थाप शिकव.

आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. दाबलं गेलं, सहन होईना, दोन थापा मारल्या, समोरच्यानं सोडलं, झालं. पण घाबरट मुलाच्या बाजूनं बघ. घरात "नको" म्हटलं तर आई समजूत काढते, शाळेत म्हटलं तर पोरं हसतात, पाहुण्यांसमोर म्हटलं तर बाप डोळे वटारतो. त्याच्या "नको"वर जगात कुणी लगेच थांबत नाही. मॅटवर मात्र तोंड न उघडता, दोन थापांवर, त्याच्यापेक्षा दहा किलोनं जड पोरगा हात काढून घेतो. कारण विचारत नाही.

ह्यात एक क्रम आहे, तो चुकवू नकोस. आधी भित्र्या मुलाला वर घे. केसा गातामे, म्हणजे जमिनीवर दाबून धरायची पकड दाखव, शांत स्वभावाचं एखादं मोठं पोर खाली झोपव आणि त्याला थाप मारू दे. त्या थापेवर सोडायचं काम ह्याचं. दुसऱ्याची थाप आपण पाळतो हे हाताला कळलं, की आपली थापही पाळली जाईल ह्यावर विश्वास बसतो. मगच त्याला खाली घ्यायचं. आणि कुणी सोडायला अर्धा सेकंद जरी उशीर केला तर आख्खी बॅच थांबव. ह्या एका बाबतीत कडक राहा, बाकी गोंधळ चालू दे.

एक मुलगी होती माझ्याकडं, चार महिने एक शब्द बोलली नव्हती. पहिल्यांदा खाली गेली तेव्हा जोडीदाराचा हात लागला न लागला तोच थाप. त्यानं सोडलं. परत धरलं, परत थाप. मी मोजलं, सात वेळा. तो वैतागला, "सर, ही खेळतच नाही." मी म्हटलं, तू आपला धर आणि सोड. आठव्या वेळी तिनं थाप मारली नाही. डोळे छताकडं, ओठ घट्ट, पण हात मॅटवर तसाच उताणा. अकरा सेकंद गेले आणि मग मारली. स्पर्धेत वीस सेकंद दाबून धरलं की इप्पोन, लढत संपली. दिवाळीपर्यंत ती वीसच्या आत खालून निसटायला लागली. बोलली का? माझ्याशी त्या वर्षी तरी नाही.

ही थाप मॅटच्या बाहेरही चालू दे. छातीत धडधडलं, पोटात गोळा आला, तर आपल्याच मांडीवर दोन थापा मारायच्या आणि कडेला बसायचं, विचारणार कुणी नाही. पण बसायची मुभा, घरी जायची नाही. भीती वाटली की पळालं आणि पळालं की बरं वाटलं, ही सवय लागली तर भीती दर वेळी थोडी मोठी होऊन येते. त्यापेक्षा सुरुवातीला वीसच मिनिटं ये असं आधी ठरव, आणि ती वीस मिनिटं आपली म्हण. पुढं वाढव.

पडणं तुला येतं, शिकवताही येतं, म्हणून थोडक्यात. पाठीवर झोपून सुरू कर, मग बसून, मग उकिडवं, उभ्यानं पडणं दोन-तीन आठवड्यांनी. हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण 45 अंशांवर. हे सगळीच पोरं करतात. घाबरट पोराचं वेगळं काय, तर ते श्वास धरून ठेवतं. खांदे कानाला भिडलेले दिसतील. "घाबरू नको" म्हणू नकोस, काही उपयोग नाही. "पडताना फूऽऽ कर" म्हण. श्वास सुटला की खांदे आपोआप खाली येतात. अंगाला हात लावलेला आवडत नसेल तर कॉलर धरायची घाई नको, एका पट्ट्याची दोन टोकं दोघांच्या हातात दे आणि ओढाओढी खेळू दे. आणि काहीही नीट करायला त्याला हात लावायचा झाला तर आधी विचार.

कराटेवाल्यांची आपण चेष्टा करतो, हवेत हात मारतात म्हणून. त्यांच्याकडची एक गोष्ट मात्र उचल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावात इतोसू अंको नावाच्या गुरूंनी शाळेतल्या मुलांसाठी छोट्या काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका बसवल्या, पिनान म्हणतात त्यांना. कातामध्ये पुढं काय येणार हे ठरलेलं असतं. बुजऱ्या मुलाला अचानकपणाची धास्ती जास्त, माराची कमी. म्हणून तुझ्या बॅचची सुरुवात आणि शेवट रोज तोच ठेव, आणि डाव दाखवायला त्याला अवचित पुढं ओढू नकोस. आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. पट्ट्याच्या परीक्षेला पालक मोबाइल घेऊन रांगेत उभे राहतात, तो तमाशा तर करूच नको. एखाद्या साध्या मंगळवारी बघून घे आणि देऊन टाक पट्टा.

आता वडील. ते येऊन म्हणतीलच, खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यातलं पोर आणि असं भित्रं? त्यांना सांग, गोळेश्वरच्या त्या पोराचे वडीलच पैलवान होते, मातीची ओळख लहानपणापासूनची. 1952 साली हेलसिंकीला 57 किलोत पदक आणलं, पण त्याआधी 1948 ला लंडनमधून हात हलवत परत आले होते. तुमच्या मुलाला आठ दिवस झालेत. ज्युदो काढणारे कानो जिगोरोसुद्धा अंगानं किरकोळ, शाळेत दांडगी पोरं छळायची म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी झटापटीची विद्या शिकायला गेलेले. 1882 मध्ये तोक्योतल्या एका देवळात बारा तातामींवर, म्हणजे गवती चटयांवर, त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. हे ऐकून वडील जरा गप्प बसतात, माझा अनुभव आहे. "उलट मारायला शिकवा" म्हणाले तर मात्र स्पष्ट सांग, त्याला शाळेत कुणी मारत असेल तर आधी वर्गशिक्षकांना भेटा. दोन महिन्यांच्या ज्युदोवर त्याला भांडायला पाठवू नका. आणि "धीट करून देतो" असं वचन देऊ नकोस. फलकावर लिहिलं असशील तर पुसून टाक.

एका गोष्टीत मात्र डोळे उघडे ठेव. घरी भरभर बोलणारं मूल शाळेत महिनोन्महिने एक अक्षर बोलत नसेल, रोज सकाळी उलटी होत असेल, झोप उडाली असेल, शाळाच नको म्हणत असेल, तर आईला बाजूला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं आणि तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडं जायला सांग. लाजायचं काही कारण नाही. आपण पडायला शिकवणारे, डॉक्टर नव्हे. क्लास चालू राहू दे, दोन्ही बरोबर होतं.

मॅट कमी पडतात म्हणालास. माझ्याकडं सहा आहेत, 2019 च्या पुरातल्या. हॉलमध्ये पाणी शिरलं तेव्हा बाकी सगळं बुडालं आणि ह्या तेवढ्या वर तरंगत होत्या. गच्चीवर महिनाभर वाळवल्यात, वास गेलाय. दोघींचे कोपरे उंदरानं कुरतडलेत, तिथं फट राहते, ती त्या मुलाला दाखवून ठेव. रविवारी येणार असलास तर दुपारनंतर ये, आणि बांधायला सुतळी आण. भडंग मी आणून ठेवतो.

तुझा,
सर