१२ व्होल्टचा अडॅप्टर जळाला, छोट्या अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) लॅपटॉपचा १९ व्होल्ट ३.४२ अ‍ॅम्पिअरचा चार्जर चालेल का? अ‍ॅम्पच्या मागे डीसी १२ ते २४ व्होल्ट छापलंय.

तुमच्या केसमध्ये चालेल, फक्त पिन नि प्लस-मायनस तपासून लावा. जळालेल्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअर होतं म्हणून अ‍ॅम्पला तेवढंच चालतं असं नसतं, बघायचं ते अ‍ॅम्पच्या मागे सॉकेटजवळ काय छापलंय ते, आणि तिथे तुम्ही म्हणता तसं डीसी १२ ते २४ व्होल्ट असेल तर १९ मस्त बसतं. नुसतं १२ असतं तर मी नकोच म्हटलं असतं.

उलट आवाज सुधारेल. या क्लास डी (कमी तापणाऱ्या, स्विचिंग पद्धतीच्या) अ‍ॅम्पची ताकद व्होल्टेजवर ठरते, ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टवर ढोबळमानाने ९ वॉट, १९ वर २२ च्या आसपास. २४ चा नवीन घ्यायच्या मागे लागू नका, कारण स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा जास्तीत जास्त २५ व्होल्ट सोसणारेच कॅपॅसिटर असतात, अगदी काठावर चालवण्यात अर्थ नाही. चार्जरवरचे ३.४२ अ‍ॅम्पिअर बघून घाबरू नका, अ‍ॅम्प लागेल तेवढाच करंट ओढतो, जास्त असलेलं चालतं, कमी पडलं तर मात्र बेसच्या ठोक्याला आवाज फाटतो किंवा अ‍ॅम्प बंद होऊन परत चालू होतो.

खरी गडबड पिनची होते. लॅपटॉपच्या बऱ्याच चार्जरचं भोक २.५ एमएमचं आणि अ‍ॅम्पच्या सॉकेटमधली पिन बऱ्याचदा २.१ ची, बाहेरून दोन्ही ५.५ च, त्यामुळे आत जातं पण सैल बसतं, वायर हलली की खरखर. दुकानातून कन्व्हर्टर पिन आणा, पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. लावायच्या आधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून लाल टोक भोकात, काळं बाहेरच्या पत्र्याला लावा, १९ च्या आधी वजा चिन्ह आलं तर पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी आहे, तो चार्जर लावू नका. अ‍ॅम्पच्या सॉकेटजवळच्या चित्रातही मधल्या ठिपक्याला प्लस आहे ना ते बघा. काही फोनो प्रीअ‍ॅम्प (रेकॉर्ड प्लेयरला लागतो तो) नि आवाजाच्या छोट्या मिक्सरचे अडॅप्टर एसी आउटपुटचे असतात, दिसायला सेम, असला कुठला घरात असेल तर या अ‍ॅम्पपासून लांब ठेवा.

आणि कॉम्प्युटरला ऑक्स केबलने अ‍ॅम्प जोडल्यावर घूं असा हम आला तर तो बहुतेक तीन पिनच्या चार्जरमुळे ग्राउंड लूपचा (दोन्ही उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा) असतो, तेव्हा अर्थची पिन कापू नका प्लीज, दोन पिनचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, बीआयएसचा शिक्का असलेला, किंवा ब्लूटूथवर ऐका.