सेट कसे पाडतोस, त्यावर छातीची धडधड ठरते

व्यायामात वजन किती उचलायचं ते तू विचारलंस, पण सेट कसे पाडतोस, म्हणजे न थांबता एका दमात किती वेळा उचलतोस, ते सांगितलं नाहीस. खरी गोम तिथेच आहे.

समज, तुला ४० रेप्स करायचे आहेत, म्हणजे वजन ४० वेळा उचलायचं आहे. १०-१० चे ४ सेट आणि मध्ये ३-३ मिनिटं विश्रांती, असं करता येतं. किंवा ५-५ चे ८ सेट, मध्ये साधारण सव्वा मिनिट. वजन तेच, रेप्स तेवढेच, एकूण विश्रांतीही जवळपास ९ मिनिटंच. तरी दुसऱ्या पद्धतीत व्यायामानंतर हृदय लवकर ताळ्यावर येतं. लांबलेल्या सेटच्या शेवटच्या रेप्समध्ये स्नायूंत आम्लता साचते, श्वास कोंडला जातो, रक्तदाब चढत जातो. मग हृदयाला ब्रेक लावणारी व्हेगस नर्व्ह पुन्हा कामाला लागायला वेळ घेते. लहान सेटमध्ये हे साचायच्या आतच थांबतोस.

मी पहिली २ वर्षं प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत ओढायचो. घरी गेल्यावरही बराच वेळ ठोके कानात ऐकू यायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा! मूर्खपणा, दुसरं काय.

सुरुवातीला, अजून २-३ रेप्स जमतील असं वाटत असतानाच सेट थांबव. जोर लावताना श्वास सोड. शेवटचा सेट झाल्यावर लगेच नाडी मोज, १ मिनिटाने पुन्हा मोज, आणि फरक वहीत लिही. मात्र दोन्ही वेळा बसूनच मोज, नाहीतर तुलना फसते.

छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टर गाठ.