इंग्लंडमध्ये हिवाळा आता सौम्य झाला असेल, तर ऑक्टोबरात बागेची एवढी तयारी करण्याची खरोखर गरज आहे का?

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की गरज आहे, आणि हवामान बदलल्यामुळे ती कमी होण्याऐवजी वाढली आहे. आपण मिल्टन कीन्सच्या नव्या वसाहतीत घर घेतले आहे, उन्हाळ्यात लावलेले डेलिया (कंदापासून उगवणारी फुलझाडे) अजून फुलत आहेत, आणि शेजारी सांगतात की हल्ली इकडे म्हणावी तशी थंडी पडत नाही, तेव्हा कंद काढून ठेवणे वगैरे जुन्या लोकांचे सोपस्कार सोडून द्यावेत, असे आपण लिहिले आहे. नेमका हाच युक्तिवाद मी दर दिवाळीला आमच्याच घरच्या पंगतीत ऐकत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थंडी कमी झाली हे सरासरीपुरते खरे आहे. परंतु २०२२ हे एकच वर्ष पाहा. १९ जुलैला लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस या ब्रिटनच्या विक्रमी तापमानाची नोंद झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे पारा उणे १७.३ पर्यंत उतरला. त्या उन्हाळ्यातल्या अवर्षणाने झाडांनी ऑगस्टमध्येच पाने टाकली होती, पुढे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन्ही महिने उबदार गेले, झाडांना कोवळी फूट येत राहिली, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकदम कडाक्याची थंडी आली. थंडी हळूहळू वाढत गेली तर झाड स्वतःला आवरून घेते. अशी अचानक आली तर त्याला ती संधीच मिळत नाही. त्या हिवाळ्यात या देशातल्या असंख्य बागांमधील हेबी आणि फोर्मियमसारखी वर्षानुवर्षे टिकलेली झुडपे गेली. त्यामुळे "हल्ली थंडी पडत नाही" या वाक्यावर बाग सोपवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही लेस्टरच्या बाजूला राहतो आणि आमची जमीन अस्सल चिकणमातीची आहे. ओली माती तळहातावर घेऊन वळली तर शेवेच्या जाड काडीसारखी वळी होते आणि तुटत नाही. माझे थोरले दीर सरे परगण्यात राहतात. त्यांच्याकडे वालुकामय जमीन आहे, पाऊस थांबल्यावर तासाभरात तिच्यावरून कोरड्या पायांनी चालता येते. ते स्वतः उत्तम बागकाम करतात, त्यांचे डेलिया वर्षानुवर्षे जमिनीतच राहतात आणि दर जूनमध्ये नव्याने उगवून येतात. २०२२ च्या दिवाळीला ते आमच्याकडे आले असताना मी कंद काढण्याची खोकी तयार करत होते. ती पाहून ते म्हणाले, "अगं, कशाला हा उपद्व्याप? आता पूर्वीचे हिवाळे राहिलेत का? राहू देत जमिनीत, मी कधी काढले आहेत का?" मी म्हणाले, "भाऊजी, तुमची जमीन निचऱ्याची आहे, आमची नाही." त्यावर घरातल्या सगळ्यांनी त्यांचीच बाजू घेतली, कारण ते थोरले आणि त्यांची बाग मोठी. शेवटी असे ठरले की मधल्या वाफ्यातले डेलिया मी माझ्या पद्धतीने काढावेत आणि कुंपणालगतचे त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमिनीत राहू द्यावेत.

एप्रिलमध्ये कुंपणाजवळची माती उकरली तेव्हा कंदांच्या जागी तपकिरी लगदा हाताला लागला. वरची साल जागेवर होती, तिच्यावर बोट ठेवले की ते आत जाई आणि कुजलेल्या बटाट्याचा वास येई. खोक्यातल्या कंदांना मात्र तोवर देठाच्या बुडाशी गुलाबी डोळे फुटले होते. भाऊजींना फोन केला तेव्हा त्यांनी तो हिवाळाच अपवादात्मक होता असे सांगितले, आणि त्यात तथ्य होते, म्हणून मी वाद वाढवला नाही.

पुढच्या वर्षी मात्र थंडीची सबब उरली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाबेट वादळाचा पाऊस कोसळला, त्यानंतर हिवाळाभर पावसाने पाठ सोडली नाही, आणि जानेवारीतले काही दिवस वगळले तर थंडी बेताचीच होती. फेब्रुवारी २०२४ हा तर इंग्लंडमधला नोंदींच्या इतिहासातला सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला. मार्च २०२४ अखेरचे अठरा महिने हे इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सर्वाधिक पावसाचे अठरा महिने होते. त्या हिवाळ्यात आम्ही काही कंद जाड आच्छादन घालून पुन्हा जमिनीत ठेवले होते. ते पुन्हा कुजले. त्याच दोन्ही हिवाळ्यांत सरेमधले कंद सुखरूप राहिले. एक हिवाळा थंड, दुसरा उबदार, आणि दोन्ही जमिनींचा निकाल दोन्ही वेळा तोच. यावरून कंद मारणारी गोष्ट साचलेले पाणी आहे हे माझ्या मते सिद्ध झाले. येथील हिवाळे अधिक उबदार होत आहेत तसेच ते अधिक ओलेही होत आहेत, आणि चिकण जमिनीवर बाग करणाऱ्याने उबेची बातमी ऐकून दुसरी बातमी विसरणे परवडणारे नाही. ही साधी गोष्ट आमच्याकडे अजूनही मान्य झालेली नाही. गेल्या दिवाळीलाही "तिला कंद काढायची हौस आहे" असेच म्हटले गेले. ही हौस नाही, मी जमीन पाहून ठरवलेले काम आहे.

कंद काढण्याची रीत अशी. पहिल्या फ्रॉस्टने, म्हणजे पाणी गोठवणाऱ्या रात्रीच्या थंडीने, पाने काळी पडली की देठ सुमारे १५ सेंटीमीटर ठेवून कापावेत. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फ्रॉस्ट आलाच नाही, तर चिकण जमिनीत त्याची वाट पाहत बसू नये. फोर्क बुंध्यापासून हातभर दूर घालून चारही बाजूंनी माती सैल करावी, देठाला धरून ओढू नये, कारण कंदाची मान मोडली की तो पुन्हा फुटत नाही. देठ पोकळ असतात आणि त्यांत पाणी राहते, म्हणून कंद शेडमध्ये दोन-तीन आठवडे उलटे ठेवावेत. त्यानंतर ते खोक्यात जुन्या कोरड्या कंपोस्टमध्ये, जिथे तापमान पाच अंशांच्या आसपास राहील आणि गोठणार नाही अशा जागी ठेवावेत. हीटिंगच्या खोलीत ते सुकून सुरकुततात. महिन्यातून एकदा हात लावून पाहावे आणि मऊ पडलेला भाग कापून टाकावा. रंगाची चिठ्ठी देठालाच बांधावी.

आपली जमीन कोणत्या प्रकारची आहे हे शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा आपणच तपासावे. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. रात्रीतून पाणी जिरले तर ठीक, सकाळी तळाशी डबके दिसले तर कंद काढावेत. नव्या वसाहतींत बहुधा बांधकामाच्या यंत्रांनी दाबलेल्या मातीवर आणि विटांच्या तुकड्यांवर लॉनची पातळ गुंडाळी पसरलेली असते, त्यामुळे डबके दिसण्याचीच शक्यता जास्त आहे.

उरलेल्या कामांपैकी एक जुने काम मात्र हवामान बदलल्यामुळे मी खरोखर सोडून दिले आहे, आणि ते म्हणजे शरदात जमीन खणून उघडी टाकणे. पूर्वी थंडीने ढेकळे फुटत, म्हणून तो सल्ला योग्य होता. आता फ्रॉस्ट कमी आणि पाऊस जास्त, त्यामुळे उघडी माती पावसाच्या माऱ्याने दाबली जाते आणि वाहून जाते. तिच्यावर कंपोस्टचे किंवा कुजक्या पानांचे चार-पाच सेंटीमीटर आच्छादन घालावे आणि खणू नये. वाफसा नसताना वाफ्यात पायही घालू नये. जावेच लागले तर फळी टाकून जावे. पालापाचोळा फेकू नये, जाळीच्या पिंजऱ्यात किंवा भोके पाडलेल्या काळ्या पिशव्यांत भरून ठेवावा, दोन वर्षांत त्याचे उत्तम खत होते. लॉनवर मात्र पाने राहू देऊ नयेत. तापमान सहा अंशांच्या वर राहिले की गवत वाढतच राहते, त्यामुळे नोव्हेंबरातही ते कापावे लागेल, फक्त कापणी यंत्राचे पाते उंच ठेवावे.

डॅफोडिल अजून लावले नसतील तर लगेच लावावेत. ट्यूलिप नोव्हेंबरात लावावेत, कारण थंड मातीत त्यांच्यावरच्या बुरशीचा जोर कमी असतो. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावला नाही तर त्याला पुरेशी थंडी मिळत नाही आणि पाकळ्या सुट्या होत नाहीत. उंच गुलाब वाऱ्याने मुळापासून हलतात, म्हणून ते तिसरा भाग कमी करून ठेवावेत. खरी छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाहेरच्या नळाचे पाणी आतून बंद करून नळ रिकामा करावा. पाचोळ्याचा ढीग येथील पाच नोव्हेंबरच्या गाय फॉक्स सणाच्या शेकोटीसाठी रचणार असाल तर पेटवण्याआधी तो दुसरीकडे हलवावा, कारण त्यात हेजहॉग (काटेरी अंगाचे छोटे प्राणी) शिरून बसलेले असतात. आणि कढीपत्त्याची कुंडी बाहेर असेल तर रात्रीचे तापमान दहाच्या खाली जाण्याआधी ती घरात आणावी, रेडिएटरपासून लांब, उजेडाच्या खिडकीत ठेवावी आणि पाणी अगदी कमी करावे. पाने गळली तरी घाबरून जास्त पाणी घालू नये, रोप त्यानेच मरते.

हे सर्व मी मध्य इंग्लंडपुरते लिहिले आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर किंवा सरेच्या वाळूत डेलिया जाड आच्छादनाखाली खुशाल राहू द्यावेत, तिथे भाऊजींचेच बरोबर आहे, आणि हे मी त्यांनाही अनेकदा सांगितले आहे. स्कॉटलंडमध्ये वरील सगळी कामे या तारखांच्या आधीच करावीत. कुंडीतल्या डेलियांना जमिनीचा प्रश्न नसतो, पण कुंडीतली माती आरपार गोठते, म्हणून कुंडी आहे तशी शेडमध्ये न्यावी आणि पाणी बंद करावे. आपण मात्र या पहिल्या वर्षी सगळे कंद काढावेत, आणि पुढच्या वर्षी जमिनीत काही ठेवायचे की नाही ते खड्ड्यातले पाणी किती वेळात जिरते ते पाहून ठरवावे.