टायर प्रेशरचा दिवा लागला? आधी गेज हातात घ्या

स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र) मागवायची घाई करू नका, आधी डॅशबोर्डवरचा हा दिवा नीट बघा. तो लागून तसाच राहिला, तर बहुधा एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रणेतच बिघाड. नवशिके इथेच फसतात: हवा कमी असते आणि चाकातला दाब मोजणारा सेन्सर बदलून बसतात. मीही एक चांगला सेन्सर असाच काढून टाकलाय.

सुरुवातीला एवढंच करा:

- गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना गेजने चारही चाकांतला हवेचा दाब मोजा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी जुळवा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका.
- मॅन्युअल बघा. काही गाड्यांच्या चाकांत प्रेशर सेन्सर नसतातच. एबीएसकडून (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कळणाऱ्या चाकाच्या वेगावरून दाबाचा अंदाज बांधला जातो. तिथे हवा भरल्यावर रीसेट करायचं, बस्स.
- सेन्सर असतील आणि सात-आठ वर्षं जुने असतील, तर पहिला संशय सेन्सरच्या आतल्या बॅटरीवर. ती साधारण ५ ते १० वर्षं टिकते. बहुतेक वेळा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

व्हॉल्व्हचं टोपण गंजून घट्ट बसलं असेल तर पक्कड लावून पिळू नका, दांडीच तुटून हातात येते. सेन्सरची रेडिओ फ्रिक्वेन्सी, रीलर्निंग (नवा सेन्सर गाडीला ओळखायला लावणं) वगैरे नंतर बघू.