पानं आणि बर्फ, दोन्हींसाठी एकच पाठीवरचा ब्लोअर चालेल का? कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये नोव्हायला अर्ध्या एकराचं घर घेतलंय, आवारात ओक आणि मेपलची मिळून अकरा झाडं आहेत, आणि एकाच बॅकपॅक ब्लोअरने (पाठीवर घेऊन हवेच्या झोताने पानं उडवायचं यंत्र) पानंही काढायची आहेत आणि ड्राइव्हवेवरचा बर्फही. मी तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर, ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला राहतो. हा माझा नववा हिवाळा, आणि दुसरा ब्लोअर. पहिला कसा गेला ते पुढे सांगतो.

आधी उत्तर. ब्लोअर पानांसाठी घ्या, बर्फ ही वरकमाई समजा. उलट हिशोबाने घ्यायला गेलात तर पैसे वाया जातील.

कारण बर्फाचं वजन. समजा तुमचा ड्राइव्हवे वीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब आहे आणि त्यावर दोन इंच बर्फ पडलाय. कडाक्याच्या थंडीत पडणारा भुरभुरीत, कोरडा बर्फ घनमीटरला साधारण साठ किलो भरतो, म्हणजे सगळा मिळून पावणेतीनशे किलोच्या आसपास. तोच दोन इंच बर्फ शून्याच्या आगेमागे पडला की ओला असतो आणि घनमीटरला अडीचशे किलोपर्यंत जातो. झाला की नाही बाराशे किलोच्या घरात! पहिल्या प्रकारचा बर्फ ब्लोअर रांगोळीसारखा उडवतो, दहा-बारा मिनिटांत अंगण स्वच्छ. दुसऱ्यावर तो नुसताच ओरडतो. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत पहिला प्रकार बराच मिळतो. नोव्हेंबर आणि मार्चचा बर्फ मात्र बहुतेकदा चिखलाच्या भावकीतला.

शिवाय बर्फावरून एकदा गाडी गेली किंवा कुणी चाललं की तो दाबला जाऊन चिकटतो. मग कितीही मोठं यंत्र आणा, फावडं घ्यावंच लागतं. म्हणून ब्लोअर वापरायचा तर सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी. रस्ता साफ करणारा प्लो तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध घालून जातो, त्याच्या तर ब्लोअरने वाटेलाही जाऊ नका. तुमच्याकडे, म्हणजे डेट्रॉईटच्या बाजूला, वर्षाला सरासरी पंचेचाळीस इंचांच्या आसपास बर्फ पडतो, आमच्याकडे लेक मिशिगनच्या कृपेने पंचाहत्तरच्या वर. त्यामुळे मला स्नो ब्लोअर वेगळा घ्यावाच लागला. (नावं सारखी असली तरी ही दोन वेगळी यंत्रं आहेत. स्नो ब्लोअरमध्ये फिरणारं मळसूत्र बर्फ ओढून तोंडातून लांब फेकतं. दुकानात नुसतं ‘ब्लोअर’ म्हणालात तर चुकीच्या रांगेत उभं करतील.) तुमचं मात्र एक चांगलं फावडं आणि ब्लोअर यावर भागेल असं वाटतं. पायऱ्या, डेक आणि गाडीवरचा बर्फ यासाठी तर ब्लोअरसारखं दुसरं काही नाही. गाडीला ओरखडा उठत नाही आणि टपावरचा कोपरान् कोपरा मोकळा होतो.

आता पानांकडे. खोक्यावर दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात: मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते तो सीएफएम, आणि हवेचा वेग ताशी किती मैल. नवीन माणूस वेगाला भुलतो, मीही भुललो होतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की चिळकांडी लांब जाते, पण म्हणून बादली लवकर भरत नाही. तसंच हे. पानांचा ढीग पुढे लोटत न्यायला हवा भरपूर लागते. वेग कामाला येतो तो फटीत अडकलेलं किंवा ओलं होऊन फरशीला चिकटलेलं पान सोडवायला. अकरा झाडांना नळीच्या तोंडाशी निदान पाचशे सीएफएम लागतील. ‘नळीच्या तोंडाशी’ मुद्दाम म्हणतोय, कारण काही कंपन्या नळी न लावता पंख्याच्या घरापाशी मोजलेला आकडा मोठ्या टायपात छापतात आणि खरा आकडा खाली बारीक अक्षरात. या दोन्हींपेक्षा भरवशाचा तिसरा आकडा म्हणजे न्यूटनमधलं बळ, त्यात हवा आणि वेग दोन्ही येतात. तुलना त्यावरून करा. स्टील (Stihl) या कंपनीच्या बीआर ६०० ब्लोअरचं बळ ३२ न्यूटन आहे, बीआर ८०० चं ४१. अर्ध्या एकराला बीआर ८०० म्हणजे कोथिंबीर चिरायला कोयता. असली यंत्रं दिवसभर लॉनची कामं करणाऱ्यांसाठी असतात.

मग नेमका कोणता? तुमच्या जागी मी असतो तर एको (Echo) कंपनीचा पीबी-५८०टी आणि स्टील बीआर ६०० या दोघांतून निवडला असता. एको ५८ सीसीचा, नळीशी ५१० सीएफएम, आणि घरगुती वापराला पाच वर्षांची वॉरंटी. स्टील जवळपास ६५ सीसीचा, जास्त ताकदीचा आणि बराच महाग. माझ्याकडे एको आहे आणि चार हंगामांत त्याने तक्रारीला जागा दिलेली नाही. नावातल्या ‘टी’चा अर्थ वेगाचा खटका नळीवर आहे. ‘एच’ असेल तर तो कमरेजवळच्या दांडीवर असतो. बर्फात जाड हातमोजे घालून काम करणार असाल तर नळीवरचाच बरा, दुसरा हात मोकळा राहतो.

पण कागदावरच्या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट मला वडिलांनी शिकवली. दुसरा ब्लोअर घ्यायच्या वेळी आई-बाबा सहा महिन्यांसाठी इथे आले होते. बाबांचं आयुष्य निफाडकडे टोमॅटोवर फवारणी करण्यात गेलेलं, पाठीवर सोळा लिटरचा पंप. ‘गॅसवर चालतो’ म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, “सिलिंडर कुठं लावतात याला?” इथे पेट्रोललाच गॅस म्हणतात हे सांगितल्यावर हसले. मग दुकानात मी एक यंत्र पाठीवर घेऊन “हलका आहे” म्हणालो, तर म्हणाले, “अरे, रिकामा पंप कुणालाही हलकाच लागतो. टाकी भरून घ्यायला सांग.” दुकानदार टाकी भरून देईना, तेव्हा त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या माझ्या जाकिटाच्या खिशांत कोंबल्या आणि दुकानात पाच मिनिटं चालायला लावलं. जरा ओशाळायला झालं, पण तेवढ्यात कळलं की त्या यंत्राचा पट्टा माझ्या उजव्या खांद्यावरून घसरतोय. ही यंत्रं दहा-अकरा किलोंची असतात, वर दीड-पावणेदोन लिटर इंधन. पट्टे असे आवळायचे की यंत्र पाठीला वरच्या बाजूला चिकटून बसेल. खाली लोंबलं तर तासाभरात कंबर बोलते. कमरेचा पट्टा बऱ्याच मॉडेलांना वेगळा विकत घ्यावा लागतो. घ्याच.

इंधनाचं ज्याने चेतक चालवली आहे त्याला समजवायला नको. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्रमाण पन्नासास एक. लिटरला वीस मिली हा जुना हिशोब इथेही चालतो. अमेरिकन मापात गॅलनला २.६ औंस, आणि त्या मापाच्या छोट्या बाटल्या तयार मिळतात. (बीआर ६०० चं इंजिन तांत्रिकदृष्ट्या फोर-स्ट्रोक आहे, तरी त्यालाही मिश्रणच लागतं. साधं पेट्रोल घातलंत तर इंजिन जाम होईल.) फरक एवढाच की इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पडून राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. माझा पहिला ब्लोअर असाच गेला. एका मोठ्या दुकानात सेलमध्ये घेतलेला, डिसेंबरात टाकी अर्धी भरलेली तशीच गॅरेजमध्ये ठेवली आणि मार्चमध्ये दोरी ओढून ओढून दंड भरून आले. मेकॅनिकने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली की नवा आला असता. चूक माझीच. तेव्हापासून मिश्रण महिन्याभराला पुरेल एवढंच करतो, आणि हंगामातला शेवटचा दिवस झाला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. बर्फासाठी मधूनच बाहेर काढायचा असेल तर इथेनॉल नसलेलं, डब्यात तयार मिळणारं मिश्रण वापरा. महाग आहे, पण हिवाळ्यात लागतं तरी किती?

थंडीत सुरू करताना प्रायमरचा फुगा (इंधन कार्बोरेटरकडे ओढणारा रबरी फुगा) सात-आठ वेळा दाबायचा, चोक लावायचा, फुरफुर झाली की चोक अर्धा करायचा. पूर्ण चोकवर ओढतच राहिलात तर पेट्रोल जास्त होऊन इंजिन ओव्हर होतं. स्कूटर आडवी करायची सोय इथे नाही!

बॅटरीवाल्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. शेजाऱ्याकडे आहे, आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढणं नाही. पण पूर्ण जोरात अर्धा तासही टिकत नाही, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मेपलची झाडं एकदम झडली की अर्ध्या तासाने काय होतंय? थंडीत बॅटरी आणखी लवकर उतरते, आणि लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, त्यामुळे ती घरात ठेवावी लागते. तरीही आवार पाव एकर असतं तर मी बॅटरीचाच घ्या म्हणालो असतो. पेट्रोलच्या ब्लोअरचा धूर थोडाथोडका नसतो: कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या हिशोबाने व्यावसायिक ब्लोअर तासभर चालवला की धुरकं करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं करायला २०१६ ची टोयोटा कॅमरी अकराशे मैल चालवावी लागेल. वॉशिंग्टन डीसीत २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरला बंदी आहे. तुमच्या शेजारच्या ॲन आर्बरनेही टप्प्याटप्प्याने बंदी आणायचं ठरवलंय. घेण्याआधी तुमच्या शहराचे आणि वसाहतीच्या असोसिएशनचे नियम एकदा बघून घ्या. रविवारी सकाळी सातला सुरू केलात तर नियम नसला तरी शेजारी येतील.

कानांचं मात्र आजच बघा. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि त्या आवाजात संरक्षणाशिवाय दिवसाला पंधरा मिनिटं ही मर्यादा सांगितली जाते. कानावर पक्के मफ घाला. इअरफोनवर भीमसेन लावून चालणार नाही, मी लावून पाहिलंय.

पानं काढताना वाऱ्याच्या दिशेने चला आणि सगळी पानं रस्त्यापर्यंत लोटत नेऊ नका. पंधरा-वीस फुटांवर ताडपत्री पसरून तिच्यावर ढीग करा आणि ओढत न्या, निम्मा वेळ वाचतो. मिशिगनमध्ये पालापाचोळा नेहमीच्या कचऱ्यात टाकायला कायद्याने मनाई आहे. तेव्हा शहर पानं रस्त्याकडेला लावू देतं की कागदी पिशव्यांत भरायला लावतं, ते विचारून ठेवा. मेपल एकदाची मोकळी होते, पण ओक चिवट. बरीच पानं उशिरा टाकतो, काही तर वसंतापर्यंत धरून बसतो. त्यामुळे एखाद्या वर्षी पानांवर बर्फ आणि बर्फावर पुन्हा पानं असा थर मिळेल. त्या दिवशी ब्लोअर बाहेर काढू नका, ऊन पडू द्या.

आणि बर्फात वापरताना जाकिटाच्या, टोपीच्या नाड्या आत खोचून घ्या, मफलर घालूच नका. बऱ्याच मॉडेलांत हवा पाठीकडच्या जाळीतून आत ओढली जाते, आणि माझ्या एका टोपीची नाडी आजही त्या जाळीत अडकलेली आहे.