नोटरीच्या कागदाने मूल दत्तक होत नाही

प्रश्न : आम्ही पुण्यात धायरीला पोळीभाजी केंद्र चालवतो. मी ४३ वर्षांची, मिस्टर ४७. मुलगा दहावीला आहे. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणारी बाई अडीच वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. तिचा नवरा त्याआधीच घर सोडून गेला होता, त्याचा पत्ता नाही. तिची मुलगी तेव्हापासून आमच्याकडे आहे, आता सात वर्षांची आहे. तिच्या आईच्या आईने स्टँपपेपरवर ‘नात दत्तक देत आहे’ असं लिहून अंगठा दिला, नोटरी केली आणि ती लातूरकडे गावी परत गेली. आता शाळा आधार आणि पालकांचे कागद मागते. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, आमच्या नावाने जन्मदाखला काढून देतो. त्यातच गेल्या महिन्यात मुलीचा सख्खा काका उगवला. ‘दोन लाख द्या, नाहीतर पोरगी घेऊन जातो’ म्हणतो. ती मला अजून काकूच म्हणते. पण रात्री माझा पदर धरल्याशिवाय झोपत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी कटू तेच सांगते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. तुमच्या हातातला कागद दत्तकपत्र नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे मूल दत्तक देण्याचा अधिकार आईवडिलांचा. आई वारली असेल तर एकट्या वडिलांचा. आईवडील दोघं हयात नसतील किंवा मुलाला टाकून गेले असतील, तर पालक म्हणून सांभाळणारी व्यक्ती मूल देऊ शकते, पण कोर्टाची परवानगी आधी घेऊन. आजीने ती घेतलेली नाही. त्यामुळे नोटरीचा शिक्का कितीही ठळक असला तरी त्या कागदाने मुलगी कायद्याने तुमची झालेली नाही. तरीही तो फाडू नका. मुलगी तुमच्याकडे कधी आणि कोणाच्या हातून आली, याचा तो पुरावा आहे आणि पुढे लागेल.

जन्मदाखल्याचं म्हणणाऱ्या गृहस्थांना आजच ‘नको’ म्हणून सांगा. खोटा दाखला हा फौजदारी गुन्हा आहेच, शिवाय त्या कागदावरून त्या पोरीच्या आईचं नाव कायमचं पुसलं जातं. उद्या ती मोठी झाल्यावर विचारेल, माझी आई कोण होती, तेव्हा दाखवायला काहीच उरणार नाही. आईचा एखादा फोटो, आधारकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, जे असेल ते एका पिशवीत जपून ठेवा.

काकाला एक रुपयाही देऊ नका. ‘देऊन टाकू आणि मोकळे होऊ’ असं मिस्टरांना वाटत असेल, पण दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं-घेणं १९५६च्या कायद्यातही गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ८१ त्याहून कडक आहे. मूल विकणं किंवा विकत घेणं यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. तुम्ही मायेने दिलेले पैसे कागदावर खरेदीचेच दिसतील. त्याचे फोन, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका. काका हा जवळचा नातेवाईक असला तरी हिंदू कायद्याने नैसर्गिक पालक नाही. मुलगी मागायचा त्याला हक्क आहे, पण बालकल्याण समितीसमोर, म्हणजे निराधार मुलांचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीसमोर. तिथे त्याचीही चौकशी होईल, अडीच वर्षे कुठे होतास हेही त्याला विचारलं जाईल.

आता तुम्हालाही तिथेच जायचं आहे, आणि मला माहीत आहे की तुम्हाला सगळ्यात जास्त भीती त्याच दाराची वाटते.

निराधार मूल सापडलं तर २४ तासांच्या आत कळवायचं, असं कायदा सांगतो. तुम्ही अडीच वर्षे कळवलं नाही. आजी सोबत होती, तिनेच मूल हवाली केलं, ही तुमची बाजू मांडता येईल आणि ती खरीही आहे. पण ती तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली जाणं आणि काकाच्या तक्रारीनंतर ऐकली जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याकडे असंच एक जोडपं आलं होतं, ‘जाऊ पुढच्या महिन्यात’ म्हणत वर्ष काढलेलं. शेवटी शेजाऱ्याने तक्रार केली. मुलाला शाळेच्या गणवेशातच आणलं होतं. दप्तरात अर्धा खाल्लेला डबा होता, आणि त्या बाई डब्याचं झाकण घट्ट लावायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होत्या. ते मूल पुढे कित्येक महिने संस्थेत राहिलं. स्वतःहून आले असते तर कदाचित तसं झालं नसतं.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. कुठे आणि कधी बसते ते चाइल्डलाइनच्या १०९८ वर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळेल. चौकशीच्या काळात मुलीला संस्थेत ठेवण्याचा आदेश होऊ शकतो, हे मी लपवणार नाही. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे समिती मुलाला ‘सुयोग्य व्यक्ती’कडे, म्हणजे मूल सांभाळायला योग्य ठरवलेल्या व्यक्तीकडेही ठेवू शकते. तीच मागणी पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहायची. सोबत तिच्या लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शाळेच्या पावत्या, अडीच वर्षांतले फोटो लावा. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल करेल. त्या दिवशी घर मुद्दाम सजवू नका, ती रोज जिथे अभ्यासाला बसते ती जागा दाखवा.

आणि दत्तकाची मागणी लगेच पुढे करू नका. इथे बरेचजण चुकतात. समितीने मुलीला ‘दत्तकासाठी विधिमुक्त’, म्हणजे कायद्याने दत्तक देण्यास मोकळी, जाहीर केलं की ती कारा या दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवर जाते. तिथे मूल तुम्ही निवडत नाही, प्रतीक्षायादीच्या क्रमाने सुचवलं जातं. तुमचीच मुलगी दुसऱ्या कुणाला सुचवली जाऊ शकते. म्हणून आधी फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालकत्व, मागा. मुलगी कायद्याने तुमच्या घरात, समितीच्या देखरेखीखाली राहते. दत्तक नियमावली, २०२२ प्रमाणे फॉस्टर कुटुंबात किमान दोन वर्षे काढल्यावर आणि मूल विधिमुक्त झाल्यावर त्याच कुटुंबाला दत्तकाचा विचार करता येतो. आधीची अडीच वर्षे यात धरली जातील असं गृहीत धरू नका. वयाची अडचण तुम्हाला नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयाची बेरीज १०० पर्यंत चालते, त्यापुढच्या वयाच्या मुलासाठी ११०. तुमची आज ९० आहे. शेवटचा दत्तक आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. फॉस्टर केअरमध्ये मिशन वात्सल्य या सरकारी योजनेखाली महिना चार हजारांची मदत मिळू शकते, त्याचा अर्जही तिथेच विचारा.

वडील सापडले तर गोष्ट वेगळी. त्यांचा शोध समिती पोलिसांमार्फत आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन घेईल. ते आले, दोन्ही कुटुंबं हिंदू आहेत आणि ते राजीखुशीने, पैशाशिवाय द्यायला तयार आहेत, तर १९५६च्या कायद्याने दत्तकविधान होऊ शकतं. मुलगा असला तरी मुलगी दत्तक घ्यायला तुम्हाला आडकाठी नाही. त्यात मूल प्रत्यक्ष देणं-घेणं व्हावं लागतं आणि दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यायचं. पण मुलीचं प्रकरण एव्हाना समितीपुढे असेल, तेव्हा समितीला डावलून हे करू नका. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घेण्याचा मार्गही आहे, पण ते पालकत्व ती अठरा वर्षांची झाली की संपतं आणि त्याने वारसाहक्क मिळत नाही.

शाळेचं त्या मानाने सोपं आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समितीचा आदेश हातात आला की पुढची कागदपत्रं हळूहळू होतील.

सगळ्यात आधी मात्र आजीला गाठा. मुलगी कशी आली हे स्वतःच्या तोंडाने सांगू शकणारी ती एकटी आहे, आणि तिचंही वय झालं आहे. अर्ज करण्यापूर्वी तिला घेऊन या, समितीसमोर तिचा जबाब होऊ द्या. एखादा वकील सोबत घ्या, परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात, महिलांना मोफत वकील देतं.

पोरीलाही तिथे विचारतील, तुला कुठे राहायचं. काय बोलायचं ते तिला पढवू नका. आदल्या रात्री एवढंच सांगा की उद्या काही काका-काकू तुझ्याशी बोलणार आहेत, तुला वाटेल ते खरं खरं सांग, आणि मी बाहेर बाकावरच बसलेली असेन.