जर्सी आणि जूस एकत्र लावताना: ऑब्जेक्ट नेमका बनवतं कोण?

तुमची अडचण अशी: गुलटेकडीच्या मार्केटयार्डातले कांदा-बटाट्याचे भाव देणारी सेवा जर्सी २ वर (जावात वेब सेवा लिहायच्या फ्रेमवर्कवर) लिहिली आहे, डीआयसाठी, म्हणजे लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून पुरवण्यासाठी (डिपेंडन्सी इंजेक्शन), गूगलचं जूस (Guice) लावलंय, मॉड्यूलमध्ये बाइंडिंगही केलंय, म्हणजे कुठल्या मागणीला कुठला ऑब्जेक्ट द्यायचा हे नोंदवलंय, तरी रिसोर्स क्लासमधलं (विनंत्यांना उत्तर देणाऱ्या क्लासमधलं) ‘भावसेवा’ हे फील्ड नलच (null), म्हणजे रिकामंच राहतं.

आधी त्या फाइलीतल्या इम्पोर्टच्या ओळी बघा. ‘इथे ऑब्जेक्ट पुरव’ असं सांगणारी @इंजेक्ट ही खूण जर ‘कॉम डॉट गूगल डॉट इंजेक्ट’मधून आली असेल, तर दुखणं तिथेच आहे. रिसोर्सचा ऑब्जेक्ट जूस बनवत नाही, जर्सी बनवते. आणि जर्सीच्या पोटात एचके२ नावाचा तिचा स्वतःचा कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून पुरवणारा भाग असतो. त्याला ‘जावाएक्स डॉट इंजेक्ट’मधलं, म्हणजे २००९ च्या जेएसआर ३३० या जावा मानकातलं @इंजेक्ट कळतं. गूगलचं तो मुकाट्याने सोडून देतो. जर्सी २ असताना चुकून ‘जकार्ता डॉट इंजेक्ट’ घेतलंत तरी हेच होतं, कारण जकार्ता हे ‘जावाएक्स’चं नवं नाव जर्सी ३ पासून आलं.

इम्पोर्ट बदललात की नल जाईल आणि ‘अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सी एक्सेप्शन’ (हवा तो ऑब्जेक्ट मिळाला नाही, अशी चूक) येईल. घाबरू नका, आता निदान कंटेनर बोलायला लागला. एचके२ भावसेवा शोधतोय, पण तुमची बाइंडिंग्ज जूसच्या इंजेक्टरमध्ये आहेत आणि त्या दोघांची ओळखच करून दिलेली नाही. ती करून द्यायला एचके२ चाच ‘जूस ब्रिज’ आहे. पण एवढ्याशा सेवेसाठी माझं स्पष्ट मत असं की जूस काढून टाका आणि एचके२ च्या ॲबस्ट्रॅक्ट बाइंडरमध्ये (त्याच्या बाइंडिंग्ज लिहायच्या क्लासमध्ये) भावसेवा बांधा. हिंजवडीतल्या कितीतरी प्रोजेक्टांत केवळ आधीच्या टीमने ठेवले म्हणून दोन कंटेनर शेजारी-शेजारी नांदताना मी पाहिलेत, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाचे दिवस त्यात जातात. जूस ठेवायचंच असेल, कारण बाकीचं कोडबेस त्यावर उभं आहे, तर ब्रिज लावा आणि रिसोर्स सोडून सगळं जूसकडेच द्या.

आता तुम्ही न विचारलेली, पण पुढे नक्की आडवी येणारी गोष्ट म्हणजे स्कोप, म्हणजे एक ऑब्जेक्ट किती काळ वापरायचा ते. स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कमध्ये बीन (कंटेनरने बनवलेला ऑब्जेक्ट) मुळात सिंगलटन, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच असतं, म्हणून तिकडून आलेली मंडळी इथे फसतात. जर्सी दर विनंतीला नवा रिसोर्स बनवते. एचके२ आणि जूस, दोघंही न सांगितल्यास दर मागणीला नवा ऑब्जेक्ट देतात. समजा भावसेवेच्या कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) हिकारी पूल, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन्स उघडून ठेवणारा साठा, उघडलाय. हिकारी मूळ सेटिंगला १० कनेक्शन धरतो, पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. म्हणजे दहाव्या विनंतीच्या आसपास डेटाबेस दार लावून घेणार, आणि तुम्ही मात्र क्वेरी तपासत बसणार. पूल स्वतंत्र बांधा आणि बाइंडरमध्ये ‘इन सिंगलटन’ हे स्वतः लिहा. क्लासवर नुसतं @सिंगलटन लावून तिथे भागत नाही.

आणि कृपा करून फील्डऐवजी कन्स्ट्रक्टर इंजेक्शन घ्या, म्हणजे भावसेवा कन्स्ट्रक्टरमधून आत घ्या. तसं केलं असतंत, तर चुकीच्या इम्पोर्टमुळे जर्सीला योग्य कन्स्ट्रक्टर सापडला नसता आणि चूक नलमागे लपून राहिली नसती. शिवाय जेयुनिटमध्ये (जावाच्या चाचण्या लिहायच्या साधनात) खोटी भावसेवा हाताने देऊन रिसोर्स तपासता येतो, कंटेनर उभा करावाच लागत नाही.

एवढं करून अडलंच, तर बाइंडरचा कोड आणि पूर्ण स्टॅकट्रेस (चूक आल्यावर छापली जाणारी ओळींची यादी) टाका. जर्सीचं व्हर्जनही लिहा: २.२६ पासून ‘जर्सी-एचके२’ ही डिपेंडन्सी (लायब्ररी) वेगळी द्यावी लागते, आणि ती राहिली असेल तर ॲप सुरूच होत नाही.